मागच्या दाराच्या पायऱ्या

आमच्या घराला चौदा दारं आहेत. तेरा कारखान्यातून तयार होऊन आली, पुठ्ठ्यात गुंडाळून. चौदावं मी केलं. घर बघायला कोणी आलं की मुलगा सगळी दारं दाखवतो आणि चौदाव्यापाशी म्हणतो, "ये बाबा का है." लोक एकदा माझ्याकडे बघतात आणि पुढच्या खोलीत जातात.

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत. सरकारी बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं साहेबलोकांच्या खुर्च्या, खिडक्या, दारं दुरुस्त केली. बायको आणि मी दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून अंगण. निवृत्त झालं की क्वार्टर सोडावं लागतं. माझी ती वेळ जवळ आली तोवर बाजार खुला झाला होता आणि मुलगा इंजिनिअर होऊन परदेशी कंपनीत लागला होता. कंपनीने त्याला वर्षभर जर्मनीला ठेवलं. येताना त्याने चॉकलेटं आणली आणि घरांच्या नकाशांचं एक जाडजूड पुस्तक आणलं. मग गुडगावला प्लॉट घेतला. मागे मोहरीचं शेत, समोर काचेची इमारत चढत होती. पुस्तकातलं एक पान उघडून तो म्हणाला, "बाबा, आई, असं घर."

चित्रातल्या घरावर बर्फ होता.

"एवढा बर्फ झाडणार कोण?" बायकोने विचारलं.

"आई, बर्फ घरासोबत येत नाही."

पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी नकाशा पसरला जायचा. मुलगा आणि सून बोट ठेवून समजावायचे. बायको सगळ्याला म्हणायची, "बिल्कुल छान." एकदा जिन्याच्या रेघांवर बोट ठेवून म्हणाली, "फडताळ मात्र भरपूर मोठं दिलंय." तेव्हा मला कळलं की हिला यातलं काही दिसत नाही. त्यात तिची चूक नव्हती. कागदावर घर मलाही कळत नाही. आमच्या धंद्यात मोठं काम असलं की आधी ते जमिनीवर खऱ्या मापाने काढतात, त्यात उभं राहून बघतात, आणि मग लाकडाला हात लावतात.

म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी मी प्लॉटवर घर काढलं. दोरी, खुंट्या, टेप आणि टोपलीभर चुना. सकाळी लागलो तो दुपारी उठलो. भिंतींना रेघ, खिडकीला दोन रेघा, दाराच्या जागी मोकळं. बायको पोळीभाजीचा डबा घेऊन मुलासोबत आली. पुढच्या दाराच्या मोकळ्या जागेपाशी थांबली आणि चपला काढल्या.

"अगं, काटे आहेत खाली. चपला घाल," मी म्हटलं.

"घरात?" ती म्हणाली, आणि आत गेली.

या घरात ती तेवढीच राहिली. एक दुपार. आता मी तिथे राहतो आणि प्रत्येक खोलीत ती काय म्हणाली ते मला माहीत आहे, म्हणून खोल्यांच्या क्रमानेच सांगतो.

पहिली खोली फॉयर. दार उघडलं की लगेच येते आणि तिच्यात काही नसतं. घरात शिरल्यासारखं वाटावं म्हणून ती ठेवतात असं सुनेने सांगितलं होतं. बायको तिच्यात उभी राहून म्हणाली, "इथे काय करायचं?"

"शिरायचं."

"शिरले. आता?"

आता तिथे माझ्या कमरेएवढा कुंडा आहे आणि त्यात सुकलेल्या काटक्या. आल्या आल्या मी त्या कचरा समजून बाहेर टाकल्या होत्या. सूनबाईने जाऊन एकेक वेचून आणली.

मग बैठकीची खोली. ही दोन मजल्यांएवढी उंच आहे, म्हणजे हिच्यावर दुसरी खोली नाही, नुसती हवा आहे. उन्हाळ्यात ती हवा थंड करायला दोन एसी लागतात. भिंतीत लाकडं जाळायची जागा आहे, तिला धुराडं नाही. त्यात इन्व्हर्टर ठेवलाय. बायको त्या खोलीच्या मधोमध मातीत बसली, वर बघितलं आणि म्हणाली, "एवढ्या उंचावरची जाळी काढायची कोणी?" वर तेव्हा आकाश होतं. तिला जाळी दिसली. आज वरच्या कोपऱ्यात खरोखर कोळ्याची जाळी आहेत, दोन आहेत, आणि ती कोणी काढत नाही.

वरच्या मजल्यावर तीन झोपायच्या खोल्या. तो मजला मी तिला बोटाने हवेत दाखवला. तिचे गुडघे गेलेले होते, त्यामुळे हवेतला काय आणि विटांचा काय, तिला सारखाच. वर बाथटब आहे. टँकरला उशीर होतो म्हणून त्यात पाणी भरून ठेवतो. घरातली सगळ्यात उपयोगी वस्तू. सगळ्यांच्या वर उतरतं छप्पर आहे, बर्फ घसरून जावा म्हणून. अजून वेळ आलेली नाही.

खाली आमची खोली काढली होती, स्वयंपाकघराला लागून. "हे बरं केलंत," एवढंच ती म्हणाली. आता तिथे मी असतो.

स्वयंपाकघर आणि जेवायची जागा यांच्यामध्ये भिंत नाही. बायको म्हणाली, "मी फोडणी दिली की पाहुणे खोकत बसणार."

"आई, वर चिमणी असते. सगळा धूर ओढून घेते," मुलगा म्हणाला.

"मग पाहुणे माझं तोंड बघत बसणार."

"तेच तर पाहिजे. फॅमिली टुगेदर."

ती ओट्याच्या रेघेपाशी उभी राहिली. खोटं पातेलं खाली ठेवलं, हात पुसल्यासारखे केले आणि वळून सरळ मागच्या भिंतीतून बाहेर गेली. चुन्याची रेघ पायाने पुसली गेली. बाहेर उन्हात जाऊन बसली, पाय पसरून.

ज्याने दिल्लीची थंडी काढली आहे त्याला हे सांगायला नको. तीन महिने बाईमाणूस घरात कामापुरतं असतं. बाकी मागच्या दाराबाहेर उन्हात. मटार सोलणं, मेथी निवडणं, केस वाळवणं, शेजारणीशी भिंतीवरून बोलणं. क्वार्टरच्या मागच्या अंगणात तिने तीस हिवाळे असे काढले.

मी म्हटलं, "अगं, तिथे भिंत आहे. फ्रिज यायचाय तिथे."

"फ्रिजला कुठे उन्हात बसायचंय? मला बसायचंय. इथून दार ठेवा."

"बरं, करतो."

"करतो नको. तुम्हीच करा. ते पुठ्ठ्यातलं नको मला."

जेवून आम्ही निघालो. निघण्याआधी मी टोपली घेतली आणि तिने पुसलेल्या जागी चुना टाकून रेघ सरळ केली. का केली? वाकडी दिसत होती म्हणून. बत्तीस वर्षांची सवय. नकाशा आला की तो मानायचा, रेघ मोडली की जोडायची.

दाराचं मी मुलाला सांगितलं. त्याने आर्किटेक्टला विचारलं. आर्किटेक्ट मला म्हणाला, "अंकल, पीछे का पूरा एलिव्हेशन खराब हो जाएगा." एलिव्हेशन म्हणजे घर बाहेरून दिसतं ते. मी हो म्हटलं. साहेबाने सांगितलं की हो म्हणायचं, ही दुसरी सवय. घरी बायकोने विचारलं, "दाराचं सांगितलंत?" मी म्हटलं, सांगितलं. ते खरं होतं.

भिंती खिडकीपर्यंत आल्या तेव्हा ती गेली. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी नाही. दिवस झाले. क्वार्टर रिकामं केलं. घर पुरं झालं तसा मी बॅग घेऊन इथे आलो.

पहिला हिवाळा मी पुढच्या बाजूला गाडीजवळ खुर्ची टाकून काढला. तिथे ऊन दहापर्यंत असतं, मग काचेच्या इमारतीची सावली येते. मागे दिवसभर ऊन पडलेलं असायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसायचं. तिथे जायला पुढच्या दाराने निघून, घराला पूर्ण वळसा घालून, पाण्याच्या मोटरीशेजारून जावं लागायचं. म्हणून कोणी जात नव्हतं. नुसतं ऊन पडलेलं.

दुसरी थंडी लागली तेव्हा जेवताना मी मुलाला म्हटलं, "फ्रिज हलव. मला तिथे दार करायचंय."

"बाबा, आता? मॉड्युलर किचन आहे. सगळं मापात बसवलंय."

"माप मला कळतं."

"पण वापरणार कोण ते दार?"

"कोणी नाही."

सून ताट उचलून सिंकपाशी गेली. मुलगा बराच वेळ भात कालवत राहिला. मग म्हणाला, "आईने सांगितलं होतं तेव्हाच का नाही हट्ट धरलात?"

"तुझा आर्किटेक्ट नाही म्हणाला."

"तो म्हणाला, पण मी त्याला करायला लावलं असतं. मी बघत होतो ना त्या दिवशी. आई गाडीत बसली होती आणि तुम्ही परत जाऊन रेघ नीट केलीत. मला वाटलं, तुम्हालाच नकोय दार. म्हटलं बाबांना त्यातलं कळतं, काही कारण असेल."

कारण नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं. "वाकडी दिसत होती," मी म्हटलं.

तो म्हणाला, "अच्छा." मग दोघं ताक प्यायलो.

रविवारी सकाळी उठलो तर फ्रिज जेवायच्या टेबलाशेजारी उभा होता. तो अजून तिथेच आहे. सून म्हणाली, "बाबा, खडूने माप काढून द्या, मी भिंत तोडणाऱ्याला फोन करते. आणि आईंना कुठे हवं होतं ते बरोब्बर दाखवा, उगाच सरकवू नका." ती पुण्याची आहे, तिला नक्की सांगितलेलं लागतं.

लाकूड आणायची गरज नव्हती. लग्नानंतर केलेला आमचा सागवानी पलंग गॅरेजमध्ये उभा करून ठेवला होता, नव्या खोलीत तो मावत नव्हता. पलंग दोघांचा होता. मला एवढा लागत नाही. बाजूच्या लांब पट्ट्यांची चौकट झाली, फळ्यांचं दार झालं. रंधा मारायला पाच दिवस लागले, पूर्वी दोन लागले असते. खाली दीड इंचाचा उंबरा ठेवला. बाकी तेरा दारांना उंबरा नाही, फरशी एका खोलीतून दुसरीत सरळ जाते. "उंबरा म्हणजे काय?" मुलाने विचारलं. दाखवल्यावर म्हणाला, "अच्छा, दहलीज." हो, दहलीज.

चौकट उभी करताना घरची बाई तिला हळदकुंकू लावते आणि सुताराला नारळ देते. सुनेने लावलं. मग नारळ घेऊन इकडेतिकडे बघत राहिली. सुतार मीच होतो. मी हात पुढे केला.

दार झालं, पण बाहेर जमीन तीन फूट खाली. चुन्याच्या घराला जोतं नव्हतं, ती सपाट चालत गेली होती. पायऱ्या लागणार. गवंडी म्हणाला, "सात इंच की, पाँच सीढ़ी में उतर जाओगे." मी म्हटलं, चार इंचाची एक, नऊ पायऱ्या. क्वार्टरच्या मागच्या दाराला मीच तिच्यासाठी लाकडाची पायरी करून दिली होती, चार इंच. पाच तिला जमत नव्हतं. चार जमत होतं.

"बाबूजी, इतनी छोटी किसके लिए? बच्चा है घर में?"

"नहीं."

"फिर?"

"माप दिया है, बना."

त्याने बनवल्या. पायऱ्या पसरट झाल्यामुळे जवळजवळ कंपाउंडच्या भिंतीपर्यंत गेल्या. एलिव्हेशन खराब झालं, यात आर्किटेक्ट खरा ठरला.

त्यांच्यावर सगळे अडखळतात. पाय सातची सवय घेऊन येतो आणि खाली चारच सापडतात. कामवाली अडखळली, व्याही अडखळले, मीही दोनदा. सून म्हणाली, "बाबा, पायऱ्या चुकल्यात का?" मी म्हटलं, माप बरोबर आहे.

परवा रविवारी मी खालच्या पायरीवर मटार सोलत बसलो होतो. मुलगा चहाचे दोन कप घेऊन दारात आला. पहिल्याच पायरीवर धडपडला आणि चहा सांडला. परत जाऊन दुसरा घेऊन आला. या वेळी एका हातात दोन्ही कप धरले, दुसरा हात चौकटीला लावला, जरा तिरका झाला, एक पाय खाली ठेवला, दुसरा त्याच्याशेजारी आणला, थांबला, मग पुढची पायरी. त्या पायऱ्या न धडपडता उतरायची ती एकच रीत आहे. नऊच्या नऊ तो तसाच उतरला, त्याच्या आईसारखा. त्याच्या ते लक्षात आलं की नाही मला माहीत नाही.

चहा निवला होता. मी त्याला मटाराची अर्धी पिशवी दिली.