आधी वाचन, मग अंगठा

ऑफिसात स्टॅम्पपॅडच्या शाईचा वास आला की मला नरखेडकडचं आमचं गाव आठवतं. तिथे ग्रामसभेच्या आदल्या दिवशीच शिपाई घरोघरी कोऱ्या रजिस्टरवर अंगठे घ्यायचा. एका वर्षी आमच्या वस्तीला नळ हवा होता. शिपाई दारात आला तेव्हा आईने हात पदराखाली लपवला.

"सभा झाली काय गा? मंग अंगठा कायचा?"

"सारेच देऊन राहिले, तुलेच काहून त्रास वं?"

"उद्या नळाचं लिवा. पोरगी वाचून दाखवन, मंग देतो."

दुसऱ्या दिवशी ती सभेत अडून बसली. नळाचा ठराव लिहून झाला, मी तो मोठ्याने वाचला, तेव्हाच तिने अंगठा टेकवला.

तेव्हा मला तिची लाज वाटली होती. आज माझ्या टेबलापुढे कुणी अंगठा पुढे केला की मी आधी कागद वाचून दाखवते. मागची रांग कुरकुरली तरी.