बुडाकडची खूण

धामणीचं लाकूड वाळायला चार वर्षं लागतात, असं दादा म्हणायचा. खरं तर एवढी लागत नाहीत. सावलीत, वारा लागेल असं टांगून ठेवलं तर दोन पावसाळे पुरतात. हे मला फार उशिरा कळलं. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी जायचं टाळायचो, आणि तो दरवर्षी फोनवर म्हणायचा, "राहू दे रे, लाकूड अजून ओलंच आहे."

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. किनवटकडच्या एका आश्रमशाळेत तो मुलांना सुतारकाम शिकवायचा. निवृत्तीनंतरही तो त्याच गावात राहिला. तिथल्याच एका विद्यार्थ्याच्या आजोबांकडून तो धनुष्य करायला शिकला. अख्ख्या लाकडाचं, कुठेही जोड नसलेलं. मी लातूरला एका कॉलेजात ग्रंथपाल. लग्न केलं नाही. दोन खोल्या, एक गच्ची आणि पुस्तकं. आम्हा दोघांत भांडण कधीच झालं नाही. जाणं-येणंही फारसं झालं नाही.

एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरची धामण वादळात पडली, तेव्हा दादाने तिच्या सरळ बुंध्याचा एक तुकडा आणून उभा फोडला. त्यातला बिनगाठीचा फाळका त्याने पडवीच्या आढ्याला टांगला. त्याच दिवशी त्याचा फोन आला होता.

"आठ दिवस काढून ये. हे एकट्याचं काम नाही. एकाने दोरी ओढायची, एकाने लांबून बघायचं कुठे वाकतंय, कुठे अडतंय. मी ओढतो, तू बघ. तुला नाही तरी बसून बघायचीच सवय आहे."

मी हसलो. येतो म्हणालो.

दादा गेला त्याला आता दीड वर्ष झालं. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी निघालो, तेव्हा वहिनींनी आढ्याचा फाळका काढून माझ्यासमोर धरला.

"हे घेऊन जा, भाऊजी. नाही तर पाहुण्यांपैकी कुणी तरी चुलीत घालेल."

फाळका माझ्या कपाळापर्यंत येत होता. चिरा पडू नयेत म्हणून दोन्ही टोकांना हिरवा ऑइलपेंट फासलेला. एका बाजूला साल तशीच. दुसरी बाजू कुऱ्हाडीने सपाट केलेली, आणि तिच्यावर एका टोकाकडे सुतारी पेन्सिलीने बाण काढून लिहिलेलं: 'बूड'. झाडाचा मुळाकडचा भाग कुठला, हे लक्षात राहावं म्हणून तो प्रत्येक लाकडावर तसं लिहायचा. बूड खाली धरायचं, शेंडा वर. पण या लाकडावर त्या शब्दाखाली आणखी एक शब्द होता. 'धाकट्याचं'.

नांदेडहून लातूरला येताना कंडक्टरने ते दोन वेळा वरून खाली पाहिलं.

"सर, हे काय हाय? पालखीचा दांडा का?"

"धनुष्य होणार आहे."

"होणार हाय! म्हणजे अजून लहान हाय. हाफ तिकीट फाडू का त्याला?" मागच्या सीटवरचा एक म्हातारा म्हणाला, "उंचीनं तर फुल बसतंय की." सगळे हसले. मीही हसलो असेन. ते मी पूर्ण वाट गुडघ्यांमध्ये उभं धरून आणलं.

ते सहा महिने कपाटामागे उभं होतं. मग एके दिवशी कॉलेजातून येताना गल्लीतल्या सुताराकडे थांबलो आणि लाकूड तासायचा वाकस मागितला. त्याने आधी माझे हात पाहिले.

"सर, खुर्ची पाहिजे असंल तर सांगा, उद्या देतो. तुम्ही कशाला बोटं तोडून घेऊन राहिलात?"

पण नंतर तो स्वतःच गच्चीवर आला. साल कशी सोलायची ते दाखवलं. सालीखाली जो पहिला गुळगुळीत थर लागतो ती धनुष्याची पाठ. ती ताणली जाते, म्हणून तिला हत्यार लावायचं नाही, एक ओरखडासुद्धा नको. जे काही तासायचं ते पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याकडे येणाऱ्या बाजूने. एवढं त्यालाही ठाऊक होतं. बाकी तो म्हणाला, "पुढचं मला न्हाई येत. मी लाकूड वाकू नये म्हणून पैसे घेतो."

पोटाकडून तासायचं, आणि दादाचं अक्षर पोटावरच होतं.

मी सरळ हिशेब केला की तेवढीच जागा सोडायची. चार बोटं रुंदीची. बाकीचं पोट वाकसाने, मग कानशीने, मग काचेच्या तुकड्याने हळूहळू खाली नेलं. रोज संध्याकाळी तासभर. काचेने खरवडलं की लाकडाचे पातळ, कुरळे पापुद्रे निघत. त्यांना ओल्या गवतासारखा किंचित वास यायचा. मधली मूठ जाड ठेवली, दोन्ही हात टोकांकडे निमुळते केले. धनुष्याच्या दोन बाजूंना दादा हातच म्हणायचा, वरचा हात, खालचा हात. खालच्या हाताच्या मध्यावर ती दोन शब्दांची जागा आता करंगळीच्या पेराएवढी वर उचललेली दिसत होती. एखाद्या शेतात नांगरताना समाधीची जागा सोडावी तशी.

ओढायला कोणी नव्हतं. मी गच्चीच्या भिंतीत खुंटी ठोकून धनुष्य आडवं टांगलं. खाली कप्पी बसवली, धनुष्याच्या दोरीला बांधलेली लांब दोरी कप्पीतून घेतली आणि दहा पावलांवर उभा राहून ओढू लागलो. तरी नीट कळेना. ओढताना लक्ष हातात जातं, बघायचं राहतं. शेवटी मोबाइल चार जाड शब्दकोशांना टेकवून उभा केला आणि ओढताना चित्रण केलं. नंतर खोलीत बसून पाहिलं. वरचा हात बऱ्यापैकी कमानीत यायचा. खालचा हात मुठीपासून थोडा वाकायचा, मग त्या उंचवट्यापाशी ताठ, आणि त्याच्या पुढे पुन्हा एकदम कोन केल्यासारखा. चित्रणाच्या कडेला दोरी धरून मागे झुकलेला एक टक्कल पडलेला माणूस दिसायचा. मी तेवढा भाग बोटाने झाकून पाहायला लागलो.

काय करायला हवं ते मला त्याच दिवशी कळलं होतं. मी उलटं केलं. उंचवटा ताठ राहतो ना, मग त्याच्या शेजारचं अजून पातळ करू, म्हणजे तिथून वाकेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. दोन्ही बाजूंनी काच चालवत गेलो. तीन आठवडे. पुस्तकाच्या पानावरचा डाग खोडताना आजूबाजूचा कागद झिजवणारे वाचक मी आयुष्यभर रागावून पाहिले आहेत.

एका रविवारी दोरी ओढली आणि लाकडातून अगदी बारीक आवाज आला. कट्. एवढाच. मी दोरी सैल केली. पाठीवरून नख फिरवलं, चीर लागली नाही. पण उंचवट्यापलीकडे लाकूड दोरी सैल सोडल्यावरही पूर्ण सरळ होत नव्हतं. तुटलं असतं तर दुसरं लाकूड नव्हतं. असतं तरी ते दादाने निवडलेलं नसतं.

मी वहिनींना फोन केला. वर्षश्राद्धानंतर पहिल्यांदाच. त्या आवाजाचं सांगितलं.

"चित्रण पाठवू का?"

"फोनवर मला काय दिसणार आहे, भाऊजी? घेऊन या."

दुसऱ्या शनिवारी मी गेलो. वहिनींचे केस पूर्ण पांढरे झाले होते. घरात त्या एकट्याच होत्या. चहा झाल्यावर त्यांनी स्वतःच पडवीच्या खांबाकडे बोट दाखवलं. खांबात दादाची लोखंडी आकडी होती आणि खाली जमिनीलगत कप्पी.

"टांगा इथं. आणि तुम्ही ओढा. बघायचं काम माझं."

"तुमचं?"

"मग कोण बघत होतं एवढी वर्षं? ते ओढायचे, मी पायरीवर बसून तांदूळ निवडत बघायची. त्यांना कुठं दिसत होतं? चष्मा घालायचे नाहीत. 'खालचा हात आळशी आहे' म्हटलं की तासायचे."

मला हे कधी माहीत नव्हतं. फोनवर तो नेहमी 'मी केलं' म्हणायचा. आणि मला बोलवताना, तू बघ, म्हणायचा. बघायला त्याच्याकडे माणूस होतं.

मी दोरी ओढली. वीतभर आली असेल.

"थांबा. सोडा हळूच." त्या उठून जवळ आल्या. उंचवट्यावर हात ठेवला. दोन्ही शब्द त्यांनी वाचले असतील, तोंडाने म्हणाल्या नाहीत. मग शेजारच्या खोलगट जागेवरून अंगठा फिरवला. "हे काय करून ठेवलं?"

"अक्षर आहे त्याचं."

"ते दिसून राहिलं मला. पण सगळा भार या दोन जागांवर टाकला की तुम्ही. ही जाड जागा काहीच करून नाही राहिली."

मी धनुष्य आकडीवरून उतरवलं.

"असं करा," त्या म्हणाल्या, "अक्षर ठेवायचं असेल तर दोरी काढा आणि भिंतीला लावून टाका. छान दिसेल. मी नाव ठेवणार नाही. आणि ओढायचं असेल तर ते काढा. दोन्ही नाही व्हायचं. मागच्या वेळी एक असंच मोडलं तेव्हा तुकडा त्यांच्या भुवईवर बसला होता."

"तुम्ही काय केलं असतं?"

"मला कशाला विचारता? माझ्याकडे त्यांचं लिहिलेलं खूप आहे. किराण्याच्या याद्यासुद्धा आहेत." मग म्हणाल्या, "तुम्हाला त्यांनी पत्र नसेल ना लिहिलं कधी."

लिहिलं नव्हतं. मीही लिहिलं नव्हतं.

त्या आत गेल्या आणि दादाच्या पेटीतली काच घेऊन आल्या. मी पायरीवर बसलो, धनुष्य मांडीवर घेतलं. पेन्सिलीचं शिसं लाकडात फारसं उतरत नाही. पहिल्या पाच-सहा ओढींतच 'धाकट्याचं' गेलं. अनुस्वार थोडा जास्त टिकला, तिथे त्याने पेन्सिल दाबली असावी. 'बूड' गेलं. त्यानंतर बराच वेळ नुसतं लाकूड काढावं लागलं, पेराएवढं सगळं. वहिनी समोर बसून होत्या. मध्येच म्हणाल्या, "डावीकडे जास्त जातंय." मध्येच शेजारणीशी मिरच्यांच्या भावाबद्दल बोलल्या.

ऊन पडवीतून उतरेपर्यंत आम्ही टांगत होतो, ओढत होतो, उतरवत होतो. "खालचा अजून आळशीच आहे." "आता बरा आहे." "पुन्हा ओढा." दोरी हनुवटीच्या मापापर्यंत आली, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. मी मान वळवून पाहिलं. त्या लाकडाकडेच बघत होत्या.

"झालं का, वहिनी?"

"झालं. पण तो खालचा बाक राहणार. दबलेलं लाकूड परत उठत नाही."

"चालेल?"

"चालतंय. जरा कमी जोराचं होईल."

धनुष्य लातूरला माझ्याकडे आहे. दोरी उतरवून ठेवलेली असते, तरी खालचा हात किंचित आत वाकलेलाच दिसतो. महिन्यातून एकदा मी दोरी चढवतो. बाण अजून केलेला नाही. गच्चीवर उभा राहून हनुवटीपर्यंत ओढतो आणि हळूच परत नेतो, कारण रिकाम्या दोरीने सोडलं तर लाकूड तडकतं. त्या वेळी खालचा हात कसा वाकतो ते मला दिसत नाही. कधी कधी वहिनींना फोन करून सांगतो की आज ओढलं. त्या विचारतात, आवाज आला का? मी सांगतो, नाही आला.