गाळात राहिलेली अंडी

गेल्या महिन्यातली गोष्ट. वाशी तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात माझं ट्रेनिंग नुकतंच सुरू झालं होतं...

मी विद्यापीठात पशुवैद्यकीय तंत्रज्ञान शिकते, शेवटचं वर्ष. डॉक्टर नाही मी. रक्त, शेण, दूध तपासायचं आणि जे दिसेल ते डॉक्टरांना सांगायचं, हे आमचं काम. वडील एसटीत कंडक्टर, त्यामुळे आमच्या घरात कधी कोंबडीसुद्धा नव्हती.

त्या सकाळी बिरूमामा आले. शेजारच्या गावचे मेंढपाळ, साठीच्या पुढचे, डोक्याला पागोटं आणि हातात कॅरीबॅगमध्ये मेंढ्यांच्या लेंड्या. मेंढ्या वाळत चालल्या होत्या, दोन तर गेल्याही होत्या. जंताचं नेहमीचं औषध पाजून झालं होतं, फरक नव्हता.

मी मिठाच्या पाण्यात लेंड्या कालवल्या, वर तरंगून येतं ते काचेवर घेतलं आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं. काहीच नाही. रिपोर्टवर लिहून टाकलं... जंताची अंडी आढळली नाहीत.

मामा जागचे हलले नाहीत. तलावाच्या कडेला हिरवळ आहे, कळप तिथंच चरतो, तिथं गोगलगायी लई झाल्यात, असं काहीबाही सांगत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "बाई, जंत न्हाईत तर मग जबड्याखाली पाणी कशानं उतरलंय?"

मी म्हटलं, खाणं कमी पडत असेल. ते निघून गेले.

दुपारी डबा खाताना ते पाणी आणि त्या गोगलगायी डोक्यातून जाईनात. वही काढली. लिव्हर फ्लूक... यकृतात राहणारे पानासारखे चपटे कृमी. गोगलगायीतून पसरतात, जबड्याखाली सूज येते. आणि खाली माझ्याच अक्षरात, लाल पेनानं: अंडी जड असतात, तरंगत नाहीत, गाळ तपासावा.

परीक्षेत हे मी बरोबर लिहिलं होतं. दवाखान्यात मात्र गाळ बेसिनमध्ये ओतून दिला होता.

नशिबानं अर्ध्या लेंड्या फ्रीजमध्ये होत्या. पाण्यात कालवल्या, गाळल्या, गाळ खाली बसू दिला, वरचं पाणी ओतलं. असं तीनदा. काच लावली आणि पिवळसर सोनेरी अंडं दिसलं. बाजूला दुसरं. काच सरकवली तर आणखी...

खरं सांगते, पहिला विचार आला की "सॅम्पल पुन्हा आणा" म्हणून वेळ मारून न्यावी. कुणाला कळलंही नसतं. पण मामा दुसरं सॅम्पल आणेपर्यंत तिकडं आणखी एखादी गेली असती. डॉक्टर मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "फोन तूच कर."

फोन लावला. म्हटलं, "मामा, माझं चुकलं. तुमचं बरोबर होतं." पलीकडून मेंढ्यांचा आवाज येत होता.

"मग आता घावलं का?"

"हो."

"मंग औषिदाला कवा येऊ?"

बस्स, एवढंच. तासाभरात आले. मॅडमनी औषध दिलं, तलावाकाठी चारू नका म्हणून बजावलं. जाताना मामांनी मायक्रोस्कोपकडं बोट केलं. मी स्टूल पुढं सरकवलं. पागोटं मागं सारून ते किती तरी वेळ बघत बसले. "एवढुसं हाय व्हय..." एवढंच म्हणाले.

त्यानंतर एक मेंढी गेली, तिच्यासाठी उशीर झाला होता. तिचं मला अजून वाईट वाटतं. बाकीच्यांची सूज उतरलीय, चरायला लागल्यात, असं परवा मामांनी फोन करून सांगितलं. मी विचारलं नव्हतं... त्यांनी आपणहून सांगितलं.

मामा फेसबुकवर नाहीत, पण त्यांची सून आहे. वहिनी, एवढं त्यांना वाचून दाखवा. म्हणावं, त्या सकाळी तुम्ही जागचे न हलता तो एक प्रश्न विचारलात, त्याबद्दल ही पोरगी तुमची आभारी आहे.