आहेराचा टॉवेल

माझे सासरे लग्नाला जेवायला जात नसत, टॉवेल बघायला जात.

सोलापुरात आमचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. निम्म्या मागांवर हॉटेलांसाठी जाड टॉवेल निघतात, ते खातं माझ्या नवऱ्याचं. उरलेले माग सासऱ्यांचे, आणि त्यांच्यावर आहेराचा टॉवेल. लग्नात माईकवरून नाव पुकारतात, कपाळाला गंध लावतात, डोक्यावर पांढरी टोपी चढवतात आणि खांद्यावर घडी टाकतात, तो हा टॉवेल. पावसाळाभर विणायचा आणि तुळशीचं लग्न लागलं की विकायचा, असा धंदा. त्यामुळे पावसाच्या तोंडावर दरवर्षी एकच प्रश्न उभा राहायचा, यंदा किती विणायचा? कमी विणला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, जास्त विणला तर माल अंगावर पडतो.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा याचं उत्तर लग्नांत शोधत. ओळखीचं लग्न असो की ओळखीच्या ओळखीचं, मी त्यांना स्कूटरवर मागं बसवून न्यायची. त्यामुळे सोलापुरातलं एकही मंगल कार्यालय माझं बघायचं राहिलेलं नाही. ते स्टेजजवळची खुर्ची धरायचे. आहेराचा ढीग किती उंच, किती जणांना पुकारलं, माल आपला की बाहेरचा, हे सगळं बघायचे. शेजारच्या माणसाच्या खांद्यावरचा टॉवेल सहज म्हणून चिमटीत धरायचे, की झालं, पोत कळला. मला मेलीला शरमेनं मान खाली घालावी लागे.

एकदा तर त्यांच्याच खांद्यावर आमचाच टॉवेल पडला. मागल्या सराईचा, घडीवर पिवळी रेघ पडलेला. कुणाकुणाच्या लग्नातून फिरत फिरत मालकाकडे परत आला होता. मला हसावं की रडावं कळेना. मामा मात्र खूश. म्हणाले, "बघ, माल कसा फिरतोय बाजारात!"

माल फिरतच होता. अडचण एवढीच की तो कुणी वापरत नव्हतं. व्यापारी दरवर्षी म्हणायचे, जरा हलका करा, आहेराचा टॉवेल कोण वापरतंय? मग मामा जरा हलका करायचे. आमच्या घरात तर तो वापरायचा नाही असा त्यांचाच दंडक होता. तो लोकांच्या मानाचा, घरच्यांनी जाड टॉवेल घ्यावा. मला तो नियम फार सोयीचा वाटायचा, कारण जाड टॉवेल खरंच छान होते.

मध्यंतरी सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये आम्हा कारखानदारांसाठी शिबिर झालं. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी पडद्यावर चौकोन काढून समजावलं, की धंद्याच्या आजूबाजूला काय चाललंय यावर नजर हवी. लोकांच्या आवडी बदलतात, रीती बदलतात, नवे स्पर्धक येतात. संकट दारात यायच्या आत त्याची चाहूल लागली पाहिजे. मामा पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाले, "हे तर मी लग्नातच करतोय की गं." मला त्यांचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

चाहूल त्यांना लागलीही होती. ढीग बुटके व्हायला लागले होते. माईकवाला म्हणायचा, "वेळेअभावी सर्व मान्यवरांचा सत्कार शब्दसुमनांनी करत आहोत." मामा पुटपुटायचे, "शब्दसुमनांनी अंग पुसता येतं व्हय?" पण शहराचं सोड, म्हणायचे, खेड्यात मान सुटायचा न्हाय. नवरा म्हणे, तुमच्या मागांवरही जाड माल घेऊ या, फक्त सूत आणि जुळणी बदलायचीय. मामा ऐकून न ऐकल्यासारखं करत. त्यांच्या मागांवरचे एक जुने विणकर, घरी तेलुगू बोलणारे शांत गृहस्थ, अधूनमधून ऑफिसच्या दारात येऊन उभे राहत. "मालक, सूत कधी?" एवढंच विचारत. विणावं तर माल पडून राहायची भीती, आणि न विणावं तर हा माणूस घरी बसणार. मामांना रात्री झोप लागत नसे, ती याच्यामुळे.

त्या वैशाखात माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडचे माढ्याकडचे, शेतीवाले, अगदी खेड्यातले. बोलणी छान झाली आणि उठता उठता मुलाचे वडील सहज बोलून गेले, "आणि ते टावेल-टोपीचं तेवढं नको बरं का पाव्हणं. आमच्या गावानं बंदच केलंय ते."

मी मामांकडे बघितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पुन्हा उचललाच नाही.

घरी आल्यावर भडका उडाला. "टॉवेल विणणाऱ्याच्या घरचं लग्न, आणि पाव्हण्याचा खांदा मोकळा? लोकं तोंडात शेण घालतील!" माझी पोरगी त्यांच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "आजोबा, मलापण नकोय. नावं पुकारण्यात मुहूर्त टळतो, आणि आम्ही दोघं आपलं हार धरून उभे." तिच्यापुढे त्यांचं कधीच काही चाललेलं नाही. कबूल झाले. तरी लग्नाच्या दिवशी टेम्पोत एक गाठोडं चढवलंच. टॉवेल आणि टोप्या. न जाणो, कुणी रुसलं तर!

लग्न वेळेवर लागलं. मामा मांडवभर फिरत होते, एकेकाचं तोंड निरखत होते. कुणीच रुसलं नव्हतं. शेवटी ते वळसंगच्या आपल्या मावसभावाकडे गेले. हा माणूस मागे एका लग्नात आपलं नाव उशिरा पुकारलं म्हणून न जेवता निघून गेला होता. मामांनी हात जोडले. "दादा, मान करता आला न्हाय. राग धरू नको."

"राग कसला?" तो जिलेबी खात म्हणाला. "लई बरं केलंस. ट्रंक भरलीय की घरात. तुमची वहिनी फरशी पुसाय घेती, तर त्येबी जमत न्हाय त्याला."

तो मामांना दुखवायला बोलला नव्हता. तो टॉवेल कुणाचा, हेही त्याच्या डोक्यात नसावं. मामा हसले, त्याला आणखी जिलेबी वाढायला सांगितली आणि गाठोडं तसंच घरी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीविना घर सुनंसुनं होतं. मी ओट्यापाशी उभी होते, तेवढ्यात न्हाणीघराचं दार वाजलं. मामा बाहेर आले, ते निथळत. अंगावर ओलं धोतर, आणि हातात गाठोड्यातला टॉवेल. पाठीवर, दंडांवर पाणी तसंच. त्यांनी माझ्यादेखत पुन्हा एकदा हात पुसून बघितला.

"टिपतच न्हाय की गं," ते म्हणाले. "पाणी नुसतं हिकडचं तिकडं."

मी गॅस बारीक केला.

"एवढी वर्षं लोकांचा मान म्हणून हे दिलं व्हय मी?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या जणांचे खांदे चाचपणारा हा माणूस, आणि याची जिरवली कुणी, तर न्हाणीघरातल्या दोन तांब्यांनी. मी कपाटातला हॉटेलचा जाड टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंग पुसलंच नाही, आधी तोंडच त्यात खुपसलं.

मग टॉवेलच्या आतूनच म्हणाले, "त्या विणकराला फोन लाव. म्हणावं, सूत येतंय. जाड मालाचं."