लिफ्टवाल्याची साक्ष

चर्चच्या मंडळीत त्याला तोंडावर सगळे 'भाऊ' म्हणायचे आणि पाठ वळली की 'पुन्हाएकदा'. नाव ठेवणाऱ्यांना तरी काय बोलणार? रविवारच्या उपासनेत गाणी चालवायला तो माईकसमोर उभा राहायचा. पहिलं कडवं व्हायचं, दुसरं व्हायचं, ध्रुवपद व्हायचं, लोक बसायच्या बेतात गुडघे वाकवायचे, आणि हा डोळे मिटून, एक हात वर करून, आवाज पार खाली आणून म्हणायचा, "पुन्हा एकदा." वाकलेले गुडघे परत ताठ. मग "फक्त बहिणी." मग "फक्त बांधव." मग "वाद्यांशिवाय." आणि आता सुटलो बुवा, असं वाटून म्हाताऱ्यांनी बाकाची कड धरली रे धरली, की "मनापासून, पुन्हा एकदा!"

कीबोर्डवर गणिताच्या बाई असायच्या. शाळेत गणित शिकवायच्या आणि उपासनेतही अंदाजपंचे काही चालू द्यायच्या नाहीत.

"भाऊ, ध्रुवपद किती वेळा, ते आधी सांगून ठेवा."

"पवित्र आत्मा नेईल तसं, बाई."

"मग आत्म्याला माझ्या मनगटाचंही सांगा. रात्रभर ठणकतंय."

लोकांना वाटायचं, माणूस गाण्यात बुडालाय. खरी गोष्ट अगदी उलटी होती. तो बुडत नव्हता, म्हणूनच परत परत उडी मारत होता.

तसा तो धंद्याने लिफ्टचा मिस्त्री. दिवसभर कुणाच्या तरी इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनखोलीत नाहीतर तळाच्या खड्ड्यात. तरुणपणी महाभडक डोक्याचा. घरात ताट वाजलं तर ते जेवणासाठी की भिंतीवर आपटल्यामुळे, हे शेजाऱ्यांना ओळखू यायचं. बायको त्याला पहिल्यांदा मंडळीत घेऊन आली तेव्हा तो मागच्या बाकावर हाताची घडी घालून, 'मला काय शिकवता' असा चेहरा करून बसला होता. गाणं चाललं होतं, 'उतर रे प्रभू, उतर माझ्या अंतरी.' आणि कुणीतरी आतून कडी काढावी तसं त्याच्या छातीत काहीतरी सुटलं. तो रडला. का रडला, ते बायकोलाही सांगता आलं नाही. पण त्यानंतर ताटं टिकायला लागली. पुढे गळा चांगला निघाला, माईक हातात आला, आणि दर रविवारी गाताना ती कडी सुटायची.

मग कधीतरी ती सुटायची थांबली. कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पंखा बंद पडलाय हे खोली तापल्यावर कळतं, तसं. गळा तोच, गाणी तीच, वर जाणारा हात तोच. आत मात्र ढिम्म. म्हणून एकदा जास्त, अजून एकदा जास्त. या खेपेला येईल. नाही? मग पुढच्या खेपेला.

तेवढ्यात चर्चच्या पाद्र्यांनी, पाळकसाहेबांनी, त्याला उपासनाप्रमुख करायचं ठरवलं. पाळकसाहेब सज्जन माणूस, पण प्रत्येक शब्दाचा हात धरून त्याला जिना उतरवल्यासारखे बोलायचे. "भाऊ... तुमची... आध्यात्मिक... वाऽऽढ... आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. रविवारी साक्ष द्या. त्याच्या पुढच्या रविवारी तुमच्यावर हात ठेवून प्रार्थना करू."

साक्षीशिवाय कुणाला पद द्यायचं नाही, असा त्या मंडळीचा शिरस्ता होता. उभं राहायचं आणि देवाने मला कसं वाढवलं ते सगळ्यांदेखत सांगायचं. सगळ्यांच्या साक्षी एकाच साच्यातून निघाल्यासारख्या: मी अंधारात होतो, मग एके दिवशी, आणि आज मी तुमच्यापुढे उभा आहे. 'उभा आहे' म्हणताना आवाज फुटायचा, मग रुमाल, मग आमेन. भाऊला साक्ष बसल्या जागी पाठ झाली. रुमालाची जागासुद्धा ठरली. आणि तिथूनच त्याची झोप उडाली. अंधारात होतो, ठीक. एके दिवशी, तेही ठीक. पण 'आज' कुठून आणायचा?

त्या आठवड्यात त्याचा पाय एका जागी ठरेना. मशीनखोलीत पाना कुठे ठेवला ते विसरायचा, दाराचा सेन्सर पुसायला घ्यायचा आणि मधेच उठून खिडकीशी जायचा. जोडीदार मिस्त्री देवाधर्माच्या वाटेला न जाणारा, पण जिभेने तिखट.

"काय रे, सारखा वरखाली करतोयस. तुझ्यापेक्षा ही लिफ्ट बरी, दर मजल्यावर थांबते तरी."

"रविवारी बोलायचंय लोकांपुढे."

"मग बोल की. रोज गातोस ना ते, उतर रे, उतर रे?" त्याने भाऊसारखा हात वर करून डोळे मिटले. "इतकी वर्षं हाक मारतोयस, अजून नाही उतरला? वरच्या मजल्यावर अडकला असेल. वायररोप बघून घे."

एरवी भाऊ हसला असता. आज त्याने पाना उचलला आणि गपचूप खड्ड्यात उतरला. दुरुस्ती झाली, लिफ्ट सोडली, तर तळमजल्यावर एक बाई बटणावर बोट आपटत उभी. टक टक टक टक.

"ताई, एकदाच दाबा," तो वैतागून म्हणाला. "एकदा दाबलं की तिला कळतं. शंभरदा दाबून लवकर येत नाही."

संध्याकाळी घरी बायकोला त्याने हाच किस्सा सांगितला, लोक कसे वेडे असतात म्हणून. बायको इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला होती. दिवसभर चादरींच्या घड्या घालून घरीही तिचे हात स्वस्थ बसत नसत. तिने टॉवेलची घडी घातली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आणि तुम्ही माईकवर काय करता?"

"काय करतो?"

"टक टक टक टक."

तो चिडला. मग उठून स्वयंपाकघरात गेला, पाणी न पिताच परत आला.

"तुला माहीत होतं?"

"अहो, मी तिसऱ्या रांगेत बसते. मला तुमचा चेहरा दिसतो. डोळे मिटलेले असले तरी भुवया दिसतात ना. कुलूप उघडत नसलं की करता, तसलं तोंड."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? सगळे म्हणतात, वहिनी, भाग्यवान आहात. त्यात मी म्हणू, नाही हो, यांचं आत काही चालू नाही?" तिने दुसरा टॉवेल ओढला. "रविवारी काय सांगणार आहात?"

"पाठ केलंय ते."

"पाठ केलंय," ती म्हणाली, आणि घडी इतकी दाबून घातली की टॉवेल चपाट झाला.

"अगं, खरं सांगितलं तर माईक जाईल माझ्या हातातला. मग मी मंडळीत कोण? लिफ्टवाला?"

"माझ्या माहेरी तरी लिफ्टवालाच म्हणून ओळखतात. काही बिघडलं नाही."

रविवारी मंडळी भरली होती. सुरुवातीची प्रार्थना पोस्टमास्तरांनी केली. ते निवृत्त होऊन कितीतरी काळ लोटला होता, पण बातम्या पोचवायची सवय गेली नव्हती. प्रार्थनेतसुद्धा ते देवाला सगळं कळवायचे. "हे प्रभू, तू जाणतोसच की काल आपल्या सभागृहाची टाकी फुटली. प्लंबर येतो म्हणाला आणि आला नाही, हेही तू जाणतोस. आणि प्रभू, मागच्या रांगेतल्या बंधूंचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, उजव्या..." त्या बंधूंच्या बायकोने मागून खोकून काहीतरी सुचवलं. "डाव्या गुडघ्याचं, प्रभू."

मग भाऊ उभा राहिला. 'उतर रे प्रभू' सुरू झालं. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. ध्रुवपद आलं, संपलं, सवयीने हात वर गेला, तोंड उघडलं, आणि नेमका तिसऱ्या रांगेतला बायकोचा चेहरा दिसला. ती त्याच्याकडे नाही, त्याच्या भुवयांकडे बघत होती.

शब्द आला नाही. गणिताच्या बाईंनी सूर धरून ठेवला. अजून धरला. भाऊकडे बघितलं, मग बोटं उचलली. सगळं शांत झालं. माईकसमोर हात वर केलेला माणूस, तोंड अर्धं उघडं, आणि समोर भरलेले बाक.

दुसरीकडे कुठे असं झालं असतं तर कुणी पाणी आणून दिलं असतं. इथे पहिल्या रांगेतून पोस्टमास्तर हळूच म्हणाले, "आमेन." झालं. सगळ्यांना कळलं की ही शांत प्रार्थना आहे. माना खाली गेल्या. कुणी गुडघ्यावर आलं. एका बाईला हुंदका फुटला, मग शेजारणीला. पाळकसाहेबांनी दोन्ही हात पसरले. भाऊचा हात वरच होता. खाली कसा घ्यायचा ते त्याला सुचेना. खांद्यात कळ येत होती, कानशिलावरून घाम ओघळत होता, आणि त्याच्यासमोर माणसं त्याच्या रिकाम्या तोंडाला आशीर्वाद समजून रडत होती.

"प्रि-य-ज-न-हो," अखेर पाळकसाहेब म्हणाले, "केवढी... ही... उपस्थिती! याच वातावरणात आपण भाऊंची साक्ष ऐकू या."

भाऊने हात खाली घेतला. मुंग्या आल्या होत्या. पाठ केलेलं पहिलं वाक्य जिभेवर तयार होतं, आणि आज तर ते सोन्यासारखं खपलं असतं.

"मी अंधारात..." तो म्हणाला आणि थांबला. "साक्ष पाठ करून आलो होतो. चांगली होती."

लोक कौतुकाने हसले.

"पण मगाशी मी प्रार्थनेसाठी थांबलो नव्हतो. माझ्याकडे पुढे काही नव्हतं, म्हणून थांबलो. खूप दिवस झाले, गाताना मला काहीच होत नाही. पूर्वी व्हायचं. म्हणून मी तुम्हाला परत परत म्हणायला लावतो. तुमच्या भक्तीसाठी नाही. माझ्यासाठी. वाटतं, या वेळी होईल."

हुंदके जिथल्या तिथे थांबले. कीबोर्डमागून गणिताच्या बाईंचा आवाज आला, "अहो, मग सांगायचं नाही का!" त्यांचाही माईक चालू होता हे त्या विसरल्या होत्या.

पाळकसाहेब लगबगीने पुढे आले. "भाऊंना असं म्हणायचं आहे की... ही जी... नऽऽम्रता..."

"नम्रता नाही, साहेब. मला असंच म्हणायचंय."

"अरे, अशा गोष्टी घरी येऊन सांगायच्या," पोस्टमास्तर पहिल्या रांगेतून कुजबुजले, म्हणजे सगळ्यांना ऐकू आले. "पाहुणे बसलेत."

पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, भाऊकडे बघितलं आणि माईक हाताने झाकला. पुढचं बोलणं जिना उतरत आलं नाही, एकदम आलं. "विश्वास आहे ना पण? की तोही गेला?"

भाऊने विचार केला. इतका, की पाळकसाहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"आहे, साहेब. म्हणून तर जीव खालीवर होतोय. नसता तर काय, गात राहिलो असतो आरामात."

"हं," पाळकसाहेब म्हणाले. "पुढच्या रविवारचं मग... बघू या. आज खाली बसा. पुढचं गाणं बाई काढतील."

"मी?" बाई दचकल्या. "मला फक्त वाजवता येतं!"

भाऊ पायऱ्या उतरला. तिसऱ्या रांगेपर्यंतचं अंतर त्याला कधी एवढं वाटलं नव्हतं. बायकोने शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली. तो बसला. तिने त्याचं घामेजलेलं मनगट धरलं, मग सोडून दिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "असं असतं का कधी?" त्यावर दुसरं कुणीतरी म्हणालं, "खोटं तर बोलला नाही." भाऊच्या कानांच्या पाळ्या तापल्या. उठून निघून जावं, असं त्याला मनापासून वाटलं.

बाईंनी गाणं काढलं ते भलत्याच उंच पट्टीत. लोक उभे राहिले. माईकविना मंडळी गायला लागली की काय होतं, ते भाऊने कधी ऐकलंच नव्हतं. समोर उभं असताना त्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू यायचा. इथे भलतंच चाललं होतं. पोस्टमास्तर एक ओळ पुढे. त्याची बायको सुरात नाही, पण शब्द चोख. उजवीकडे कुणी तरुण बाई नुसते ओठ हलवत होती आणि डोळे पुसत होती. मागून कुणी आजोबा प्रत्येक ओळ संपल्यावर तीच ओळ सावकाश एकटे म्हणत होते. हे सगळं कोसळणार, असं वाटून भाऊच्या आतला गायक उसळला. त्याने छाती भरून घेतली आणि सगळ्यांना सावरायला आवाज सोडला.

खांद्यावर टकटक झालं.

मागचे आजोबा पुढे वाकले होते. "अहो भाऊ," ते म्हणाले, "जरा हळू. आम्ही पण म्हणतोय."

"सॉरी," भाऊ पुटपुटला.

त्याने आवाज खाली आणला. अजून खाली आणला. आता आपण कुठल्या ओळीवर आहोत हे कळायला त्याला मागचं ऐकावं लागत होतं, बाजूचं ऐकावं लागत होतं. छातीत काही सुटलं नाही. पाय अजून चुळबुळत होते. आजोबांची ओळ यायची वाट बघत तो उभा राहिला, आणि ती आली तेव्हा त्यांच्यामागून हळूच म्हणू लागला.