हेल्मेटातली कोंबडी

दोन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याचा पाय मुरगळला आणि त्याची स्कूटर काही दिवस अंगणात झाकलेलीच राहिली. हेल्मेट पडवीतल्या बाकावर उलटं पडलं होतं. पाय बरा झाल्यावर तो कामावर निघाला, हेल्मेट उचलायला गेला, तर आत शेजारच्या काकूंची तांबडी कोंबडी. त्याने हात पुढे केला तशी तिने टोच मारली.

मी काकूंना हाक मारली. दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून त्या आल्या आणि वाकून बघायला लागल्या. "इथे अंडी घालत होती होय. मी आपली मुंगसाला शिव्या देतेय."

"उचला हो तिला, मला ऑफिसात जायचंय," नवरा म्हणाला.

"खुडूक बसलीय ती. आता पिल्लं निघेपर्यंत उठायची नाही. हलवलीत तर अंडी टाकून जाईल."

मला वाटलं, आता हा चिडणार. दारातली चप्पल वाकडी दिसली तरी सरळ करून मग घरात येणारा माणूस. पण त्याने स्कूटरची किल्ली परत खिशात टाकली. मग "बरं," म्हणाला आणि एसटी पकडायला गेला.

त्यानंतर तो रोज एसटीनेच गेला. संध्याकाळी आल्यावर आधी पडवीत डोकावायचा. ऊन लागतं म्हणून त्याने बाकाच्या वर गोणपाट बांधलं, करवंटीत पाणी ठेवलं. ऑफिसातले लोक विचारायला लागले, "काय म्हणतेय बाळंतीण?" एरवी कामापुरतं बोलणारा, पण जेवताना मला ते सगळं रंगवून सांगायचा. मीही मुद्दाम हळूहळू जेवायचे.

एका रविवारी सकाळी पडवीतून चिवचिव आली. त्याने मला उठवलं, काकूंनाही बोलावून आणलं. आम्ही तिघांनी तिथेच बसून चहा घेतला. दुसऱ्या दिवशी काकूंनी टोपली आणली आणि पिल्लं अलगद त्यात ठेवली.

"एखादं ठेवून घ्या तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"नको, आईजवळच राहू दे," नवरा म्हणाला.

हेल्मेट दोनदा धुतलं तरी वास जाईना, तेव्हा नवीन घेतलं. पण ऑफिसातून आला की आजही तो गडग्याशी थांबतो आणि काकूंना कोंबड्यांची खबरबात विचारतो. काकूही सविस्तर सांगतात. चहा गार होतो, मी तो पुन्हा गरम करते.