अर्वेलाचे मोकळे हात

अमेरिकेतल्या रीनो शहरातल्या एका कॅसिनोत अर्वेला पोकरचे पत्ते वाटायची. टेबलावरून उठताना दरवेळी ती एक टाळी वाजवायची आणि छतावरच्या कॅमेऱ्याला दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवायची. जुगारात पैशांऐवजी वापरतात त्या चकत्यांपैकी एकही मुठीत लपवलेली नाही हे दिसावं, म्हणून तिथे पत्ते वाटणाऱ्या प्रत्येकाला तसं करावंच लागे.

एकदा एका नव्या गिऱ्हाइकाला तिची कीव आली. "रोज चोर ठरवतात की हो तुम्हाला!"

"उलट आहे रे बाबा," अर्वेला म्हणाली. "चकती हरवली की पहिलं बोट माझ्याकडेच. ही टाळी मालकासाठी नाही, माझ्यासाठी आहे. एकदा वाजवली की माझ्या नावानं कुणी शंख करायचा नाही."

सवय इतकी अंगवळणी पडली की शेजारणीच्या स्वयंपाकघरातून, चर्चमधून, अगदी दातांच्या डॉक्टरकडूनही ती टाळी वाजवूनच निघे. नवरा ड्वेन हसून हसून बेजार व्हायचा. त्याला दुसरं काम तरी काय होतं! बायकोच्या पगारावर बोक्याशेजारी सोफ्यावर लोळायचं आणि वर तिलाच ऐकवायचं, "घर माझं, वस्तू माझ्या!"

एका सकाळी हे ऐकून अर्वेला उठली. दारात उभं राहून तिने टाळी वाजवली, तळवे दाखवले.

"नीट बघून घे. तुझं काही नेत नाही."

ड्वेनने बाहेर पाहिलं. तिच्या उघड्या गाडीत, पुढच्या सीटवर, बोका ऐटीत बसला होता.

"आणि माझा बोका?"

"हात मोकळे आहेत माझे," अर्वेला म्हणाली. "तो आपल्या पायांनी आलाय."